बॉल कुठं हाय ते सांग

लिलाधर मारबतेनं आयुष्यातला पहिला बास्केटबॉलचा सामना पाहिला तो हातात माईक धरूनच. त्याआधी त्यानं तो खेळ ना पाहिला होता ना ऐकला होता. त्या दिवशी त्याचा पहिला प्रश्न होता की या जाळीला खालून भोक काहून ठेवलं. कोळ्याच्या पोराला दुसरं काय सुचणार.

आमचं बोरटेकडी मोहाडी तालुक्यात. गावाच्या शाळेत मी मास्तर. गावात मारबत्यांची चार घरं, तळ्यात आणि वैनगंगेत मासे धरणारी. लिलाधरची बायको रुखमिणी मोहाडीच्या आठवडी बाजारात बसते, आणि लिलाधर दर रविवारी मोटारसायकलला थर्माकोलचा डबा बांधून जवाहरनगरला जातो. तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये त्याची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. आवाज असा, की तळ्याच्या या पारीवरून, म्हणजे बांधावरून, त्या पारीवरच्या माणसाला चहाला बोलवावं आणि त्यानं यावं. गावात कबड्डीचे सामने झाले की माईक त्याच्याकडेच. सरपंचाचं भाषण असलं तरी लोक विचारायचे, लिलाधर बोलणार आहे ना.

सात वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तो जवाहरनगरला मासे विकून डबा धूत होता, तेव्हा भैय्याजी लंगडत त्याच्याकडे आले. भैय्याजी फॅक्टरीतून निवृत्त झालेले टर्नर. तरुणपणी बास्केटबॉल खेळले, त्यात गुडघा गेला, आणि आता कॉलनीतल्या मुलांना शिकवायचे. लिलाधरकडचा रोहू ते कित्येक वर्षं घेत होते, म्हणून आवाज ओळखीचा.

"लिलाधर, आमच्या बोलणाऱ्याचा घसा बसला," भैय्याजी म्हणाले. "चार वाजता फायनल आहे. येतोस का?"

"कबड्डी हाय का?"

"तसंच समज. चढाई आहे, पकड नाही."

लिलाधर मासळीच्या वासासकट टेबलापाशी जाऊन बसला. शेजारी भैय्याजी. भैय्याजी त्याच्या कानात नियम सांगायचे आणि लिलाधर त्यांना प्रश्न विचारायचा. पण विचारताना माईक बाजूला धरायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे कॉलनीच्या चारही भोंग्यांतून ऐकू येत होतं, "एकच बॉल टाकला तं दोन गुण कायले देले जी? बरं, बरं. आता याले तीन कायले? दुरून टाकला म्हनून? हे चांगलं हाय, मेहनतीचा मोबदला हाय." लोक हसत हसत क्वार्टरमधून बाहेर आले. दुसऱ्या अर्ध्यात मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. तोवर लिलाधरला खेळ समजला होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवडला होता. परत आला तेव्हा तो रुखमिणीला म्हणाला, "कबड्डीत माणूस दम धरते. यात दम सोडालेच वेळ नाई."

त्यानंतर दरवर्षी कॉलनीची स्पर्धा म्हणजे लिलाधर आणि भैय्याजी. एक सांगणारा, एक समजावणारा.

ती जोडी कॉलनीबाहेर गेली ती अश्विनमुळे. अश्विन याच क्वार्टरमध्ये वाढला, भैय्याजींच्या हाताखाली खेळला आणि नागपूरच्या गरुड संघात प्रसिद्धीच्या कामाला लागला. पगारी खेळाडूंचा हा बास्केटबॉल संघ तेव्हा नवीनच निघाला होता. सामन्यांचं इंग्रजी वर्णन मोबाइलवरच्या रेडिओवर व्हायचं. मराठीतही करून पाहू, असं मालकांच्या मनात आलं, तेव्हा अश्विननं ही दोन नावं दिली. दोन महिन्यांनी लिलाधर इस्त्रीचा शर्ट घालून नागपूरच्या स्टेडियममध्ये काचेच्या खोलीत बसला. त्याच्यापुढे एक छोटा पडदा होता आणि त्यावर किती लोक ऐकत आहेत तो आकडा यायचा.

पहिल्या दिवशी आकडा होता अकरा. त्यातले सात बोरटेकडीचे, आणि त्या सातांत मी एक.

लिलाधरनं पडदा पाहिला आणि त्याला वाटलं, एवढी माणसं वेळ काढून बसली आहेत, तर त्यांची विचारपूस केली पाहिजे. त्यानं बॉल हवेत असताना मास्तरांना, म्हणजे मला, नमस्कार घातला, मागच्या गल्लीतल्या एकाला गाय व्याली का म्हणून विचारलं, आणि रुखमिणीला सांगितलं की डब्यातले झिंगे आजच संपव. एवढ्यात नागपूरच्या दोन बास्केट झाल्या, त्या राहूनच गेल्या. सामना संपल्यावर अश्विननं डोकं धरलं.

"लिलाधरभाऊ, हे रेडिओ आहे. इथं घरचा फोन लावायचा नसतो."

"अकराच तं माणसं हायत. तोंड वळवून कसं बसू?"

"उद्या अकरा हजार झाली तर?"

"तवा नाई घेनार नाव," लिलाधर म्हणाला. "तेवढा वेळ तरी कुठून येन?"

नावं घेणं बंद झालं. दुसऱ्या सामन्याला आकडा आठवर आला. बोरटेकडीतले तिघे रुसले होते. पण नंतर हळूहळू तो वाढला. कोणाच्या मावसभावानं ऐकलं, कोणी धान मळताना मोबाइल ट्रॅक्टरवर ठेवला, तुमसरच्या एका सलूनवाल्यानं दुकानात लावला. गरुड संघ हरतच होता, पण हंगाम संपताना साडेतीनशे माणसं त्याचं हरणं आवडीनं ऐकत होती.

दुसऱ्या वर्षी घोटाळा झाला. मालकांपैकी कोणी तरी गाडीत बसून पंधरा मिनिटं ऐकलं आणि निरोप पाठवला की भाषा शुद्ध पाहिजे. अश्विन स्वतः येऊन सांगून गेला. त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं, म्हणून त्यानं एक किलो पेढे आणले.

लिलाधर माणूस प्रामाणिक. त्यानं माझ्याकडून पाचवी ते दहावीची मराठीची पुस्तकं नेली. आठ दिवस सकाळच्या बातम्या ऐकल्या. तळ्यावर जाळं टाकताना स्वतःशी बोलायचा, "मी आता जाळे प्रक्षेपित करीत आहे." सोबतचे लोक होडी दूर न्यायला लागले.

सामन्याच्या दिवशी मी मोबाइल लावला तर एक अनोळखी गृहस्थ सांगत होते, "खेळाडू क्रमांक सात यांनी चेंडू हस्तगत केलेला आहे. त्यांचा मानस पुढे जाण्याचा असावा." मानस काय होता हे कळेपर्यंत तो खेळाडू परत आला होता. भैय्याजी बिचारे मध्येच म्हणाले, "हो, मानस चांगला होता." पहिल्या भागानंतर तुमसरच्या सलूनवाल्याचा अश्विनला फोन आला, भाऊंची तब्येत बरी आहे ना. रुखमिणीनं तर बाजारात विचारणाऱ्यांना सरळ सांगितलं, "तो आमच्या घरचा मानूस नोहे. त्याची बदली झाली."

दोन सामने असे गेले. आकडा साडेतीनशेवरून नव्वदवर आला. लिलाधरला शुद्ध जमत नव्हतं आणि अशुद्ध बोलायची परवानगी नव्हती. तिसऱ्या सामन्याच्या आधी अश्विनचा फोन आला की मालकांनी दुसरा माणूस घेतला आहे. भैय्याजींना मात्र ठेवलं होतं, कारण खेळातलं कळणारा कोणी तरी हवाच होता.

लिलाधरनं इस्त्रीचा शर्ट पेटीत ठेवला आणि पुन्हा रविवारी जवाहरनगरला जाऊ लागला. पण मासे विकताना ओरडणं बंद केलं. डबा उघडून मुकाट्यानं बसायचा. गिऱ्हाईक आलं तर आलं. रुखमिणी मला म्हणाली, "मास्तर, यापेक्षा तं ते मानसवालं बरं होतं. निदान घरात आवाज होता."

असा महिना गेला. एका दुपारी एस.टी. आमच्या फाट्यावर थांबली आणि कंडक्टरनं हात धरून एका म्हाताऱ्याला खाली उतरवलं. धोतर, काळा चष्मा, हातात काठी. त्यानं फाट्यावरच मोठ्यानं विचारलं, "रेडिओवाला मारबते कुठं राह्यते?"

म्हाताऱ्याचं नाव डोमा. लाखांदूरकडचा धानाचा शेतकरी. वीस वर्षांपूर्वी डोळे गेले. शेती मुलं पाहतात, आणि हा दिवसभर ओसरीत मोबाइल कानाला लावून बसतो. गाणी ऐकून कंटाळला, कीर्तनं ऐकून कंटाळला, आणि बोट कुठं तरी चुकीचं लागून एक दिवस बास्केटबॉलवर येऊन पोचला. तेव्हापासून एक सामना चुकवला नव्हता. लाखांदूरहून भंडारा आणि भंडाऱ्याहून मोहाडी, असं दोन बस बदलून एकटा आला होता.

लिलाधरनं त्याला बाजेवर बसवलं. रुखमिणीनं पाणी दिलं. बातमी लागून मीही तिथं पोचलो होतो.

"बाबाजी, तुमी माह्यासाठी एवढ्या दुरून आले," लिलाधर म्हणाला.

"तुह्यासाठी नाई आलो. मी बॉलसाठी आलो," डोमा म्हणाला. "तो नवा पोरगा चांगला बोलते. आवाज गोड हाय. खेळाडूची उंची सांगते, वजन सांगते, तो कोन्या गावचा ते सांगते. बॉल कुठं हाय ते नाई सांगत."

लिलाधरच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं हसू आलं.

"हासला का? हासू नको," डोमा म्हणाला. त्याला ते कसं कळलं कोण जाणे. "तू बी नाई सांगत. तू म्हनते, 'पाहा, पाहा, पाहा'. मी काय पाहू? तू म्हनते, 'अठीसन थेट तठी'. अठी म्हनजे कुठं अन् तठी म्हनजे कुठं? नवा पोरगा चार आने सांगते, तू आठ आने सांगते. बाकीचे आठ आने मी वर्षभर डोक्यानं भरून राहिलो. आता माह्यं डोकं दुखते."

रुखमिणी पदरात तोंड लपवून हसत होती. लिलाधरनं विचारलं, "मंग कसं सांगू जी?"

"ते मले काय मालूम. तू सांगत जा, बॉल सापडला का नाई ते मी सांगतो."

डोमा दोन दिवसांसाठी आला होता, तो पाच आठवडे राहिला. मधून त्याच्या मुलाचा फोन यायचा, बाबा कधी येता. "कामात हाव," एवढं सांगून डोमा ठेवून द्यायचा.

काम असं होतं. रविवारी मासे विकून झाले की जवाहरनगरच्या मैदानावर भैय्याजींची पोरं खेळायची. त्यांच्याकडे पाठ करून डोमा खुर्चीवर बसायचा. मांडीवर रुखमिणीची परात. परातीत खडूनं नव्हे तर सुतळी चिकटवून मैदान आखलेलं, म्हणजे बोटांना कळावं. दोन टोकांना बाटलीची दोन झाकणं, त्या जाळ्या. आणि बॉल म्हणजे एक चिंचोका. लिलाधर बोलायचा, डोमा चिंचोका सरकवायचा, आणि भैय्याजी एकदा मैदानाकडे, एकदा परातीकडे पाहायचे.

पहिल्या रविवारी बॉल एका टोकाला आणि चिंचोका दुसऱ्या टोकाला. एकदा तर चिंचोका परातीबाहेर गेला आणि भैय्याजींच्या बुटात सापडला. "डावीकडं" म्हटलं की डोमा विचारायचा, "कोनाच्या?" दोघांचं भांडण व्हायचं. लिलाधर म्हणायचा, तुमचा हात जड आहे. डोमा म्हणायचा, तुझी जीभ जड आहे.

दुसऱ्या रविवारी लिलाधरला तळं आठवलं. तळ्यावर कोणी डावं-उजवं म्हणत नाही. तिथं अल्याडची पार असते आणि पल्याडची, तोंड असतं आणि शेपूट असते. त्यानं मैदानाच्याही चार बाजूंना चार नावं दिली. आपली जाळी, पाहुण्याची जाळी, अल्याड, पल्याड. बॉल कोणाच्या हातात ते आधी, कुठं ते त्याच्यामागून, आणि काय केलं ते शेवटी. विशेषणं अगदीच उसंत मिळाली तर. "बॉल निकेशकडं, पल्याडच्या काठानं, मधली रेघ ओलांडली, आत देला गोलूकडं, पाहुण्याच्या जाळीखाली, उडला, पडला, दोन." निकेश आणि गोलू ही भैय्याजींची पोरं. त्यांना आपली नावं इतक्या वेळा ऐकून एवढा जोर चढला की भैय्याजींना त्यांना दमानं खेळा म्हणून सांगावं लागलं.

पाचव्या रविवारी भैय्याजींनी मैदानाकडे पाहणं सोडलं. नुसती परात पाहत होते. चिंचोका असा फिरत होता जणू पोरांच्याच हातात आहे. लिलाधर म्हणत होता, "गोलू अल्याडनं निघाला, बॉल हातात धरला, एक पाऊल, दोन, तीन, अन्..."

डोमानं चिंचोका उचलून हातात घेतला. "तीन पावलं झाली. शिट्टी काहून नाई वाजली?"

बॉल हातात धरून तिसरं पाऊल टाकलं की चूक, आणि शिट्टी भैय्याजींच्याच गळ्यात होती. ते परात पाहत बसल्यामुळे त्यांनी ती वाजवलीच नव्हती. त्यांनी ती तेव्हा वाजवली. गोलू म्हणाला, सर, एवढ्या उशिरा? भैय्याजी म्हणाले, "ज्यांना दिसलं त्यांनी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी डोमा परतीच्या बसमध्ये बसला. परात सोबत घेऊन गेला. रुखमिणीनं ती मागितली नाही.

यापुढचं घडलं ते कोणाच्या पराक्रमानं नाही. नव्या तरुणाला क्रिकेटच्या वर्णनाचं मोठं काम मिळालं आणि तो हंगामाचे चार सामने उरले असताना निघून गेला. एवढ्या घाईत माणूस मिळेना. अश्विन बोरटेकडीला आला तेव्हा लिलाधर दारात जाळं विणत होता.

"लिलाधरभाऊ, चारच सामने आहेत. तुमच्या भाषेत बोला. मालकांशी मी बोलतो."

"येतो," लिलाधर म्हणाला. "पर मधल्या सुट्टीत दोन मिनिटं माह्यी."

"कशाला?"

"मानसायले नमस्कार कराले."

अश्विननं दोन मिनिटं कबूल केली.

शेवटचा सामना पुण्याच्या संघाशी होता. गरुड तेव्हा तळाला होता. जिंकला असता तर शेवटून दुसरा आला असता, आणि आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं. शाळेच्या ओट्यावर मी मोबाइलला स्पीकर जोडला आणि चाळीसेक माणसं बसली. लिलाधर बोलत होता आणि पहिल्यांदाच मला मैदान दिसत होतं. आधी त्याचं ऐकताना लिलाधर दिसायचा. मधल्या सुट्टीत त्यानं सलूनवाल्याला, मास्तरांना आणि "लाखांदूरच्या आमच्या गुरुजीले" नमस्कार घातला.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आपण एका गुणानं मागे होतो. "बॉल आपला, पल्याडच्या काठाले. नऊ सेकंद. मधात देला. परत पल्याड. पाच. आत शिरला, पाहुण्याच्या जाळीपुढं दोघं उभे, तीन, वरून सोडला..." इथं तो अर्धा श्वास थांबला. "जाळीच्या काठाले लागला. काठावर बसला. बाहीर. संपलं जी, हारलो."

ओट्यावर मागून कोणी तरी म्हणालं, "पर कसा हारला." सगळे समाधानानं घरी गेले.

नंतर लिलाधरनं मला सांगितलं, काचेच्या खोलीतून बाहेर पडतानाच डोमाचा फोन आला होता. कौतुक ऐकायला म्हणून त्यानं तो भैय्याजींनाही ऐकू जाईल असा लावला.

"तिसऱ्या भागात दोन डाव बॉल हरपला," डोमा म्हणाला. "एकदा पाहुण्याचा गडी पडला तवा, अन् एकदा तुले खोकला आला तवा. लिहून ठेव."

"अन् बाकीचा?"

"बाकीचा होता परातीत," डोमा म्हणाला, आणि जेवायला बसायचं आहे म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून लिलाधर गरुड संघाचा कायमचा आवाज आहे. हे त्याचं चौथं वर्ष. नागपूर-अमरावतीकडचे डोळ्यांनी दिसत नाही असे बरेच लोक त्याला ऐकतात, आणि डोमासारखे तेही फोन करून चुका सांगतात. लिलाधरकडे त्याची वही आहे. आकडा आता चार हजारांवर गेला आहे. अकरा हजार अजून झालेले नाहीत, त्यामुळे सुट्टीतला नमस्कार चालू आहे, पण आता गावानुसार घालतो. मासे विकणंही चालू आहे. अश्विननं नागपूरला खोली बघून देतो म्हटलं होतं, तर हा म्हणाला, तिथं पहाटे उठून करू काय.

यंदा संघात पंजाबचा गुरनूर नावाचा खेळाडू आला. सहा फूट दहा इंच. लिलाधरनं पहिल्याच सामन्यात त्याला ढोक म्हटलं आणि ते नाव चिकटलं. प्रेक्षक ओरडायला लागले, ढोक, ढोक. गुरनूरला वाटलं, ही शिवी आहे. तीन आठवडे त्यानं मनात ठेवलं आणि एका सुट्टीच्या दिवशी अश्विनला घेऊन थेट बोरटेकडीला आला. दारातून आत येताना वाकला, आणि आमच्या घरांची उंची पाहून पुढे वाकलेलाच राहिला.

"भाईसाब, ये ढोक क्या होता है?"

लिलाधरनं चपला घातल्या आणि त्याला तळ्यावर नेलं. मागून अश्विन, मी आणि अर्धं गाव. पल्याडच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, एक ढोक उभा होता. लांब पाय, लांब चोच, हालचाल काही नाही. आम्ही पारीवर बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पक्षी जागचा हलला नाही.

"ये तो कुछ करताही नहीं," गुरनूर म्हणाला.

"आप भी पहिले हाफ में नहीं करते," लिलाधर म्हणाला.

अश्विन घाबरून दुसरीकडे पाहू लागला. गुरनूर काही बोलणार तेवढ्यात ढोकाची मान गेली आणि आली. इतकी झटकन, की मी पाहत असूनही मला दिसली नाही. चोचीत हातभर मरळ मासळी वळवळत होती.

गुरनूरनं मांडी घातली, पारीवर नीट बसला आणि विचारलं, "दूसरी कब पकडेगा?"

"बैठो," लिलाधर म्हणाला. रुखमिणीनं सगळ्यांसाठी चहा पाठवला होता.